चार तारांचा कारभार

शास्त्रवाचन: १ शमुवेल १६:१४–२३, स्तोत्र ३३:१–३, १ करिंथ १४:६–१२



फुलंब्री तालुक्यातील आमच्या आदिवासी मुलामुलींच्या वसतिगृहाला आपल्यापैकी काही कुटुंबांनी सहा उकुलेले भेट दिले होते. त्याबद्दलचे आभार आम्ही मागेच मानले आहेत. आज त्या भेटीचे पुढे काय झाले ते सांगायचे आहे, कारण त्यात आपल्या सर्वांसाठी एक धडा आहे. वर्ष संपायच्या आत सहापैकी चार वाद्ये कपाटात गेली. एकही मोडले नव्हते. लाकूड शाबूत, खुंट्या शाबूत. फक्त तारा निकामी झाल्या होत्या. मुले म्हणत होती, “ताई, हा आता रडका वाजतो.”

देणगीत वस्तू येते, पण ती वस्तू चालू ठेवणारी छोटी गोष्ट बहुतेक वेळा येत नाही. शिलाई मशीन येते, सुया येत नाहीत. बोअरला पंप बसतो, वॉशरला कोणी विचारत नाही. म्हणून या अंकाचा अभ्यासलेख उकुलेलेच्या तारांवर आहे: त्या कधी बदलाव्यात, कोणत्या निवडाव्यात, कशा चढवाव्यात. ज्यांच्या मंडळीत, रविवारच्या शाळेत किंवा घरी हे वाद्य आहे, त्यांना लेख हाताशी धरून काम करता येईल. ज्यांच्याकडे नाही, त्यांनीही तो कारभारीपणाचा धडा म्हणून वाचावा.

१. हे वाद्य कोणाचे?

उकुलेले हवाई बेटांचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदराला लागले. त्यातून मदेराची चारशेहून अधिक माणसे उतरली, बायका-लेकरांसह. ही माणसे हवाईच्या उसाच्या मळ्यांत करारावर मजुरी करायला आली होती. त्यांच्याबरोबर माशेते नावाचे चार तारांचे छोटे वाद्य होते. मानुएल नुनेस, ऑगुस्तो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार त्याच जहाजाने आले होते. पुढे त्यांनी होनोलुलूत दुकाने घातली आणि तिथल्या कोआ लाकडापासून ही वाद्ये बनवायला सुरुवात केली. हवाईचा राजा कालाकौआ याने वाद्याला दरबारात मान दिला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकले आणि तिथून ते जगभर गेले.

हा इतिहास मी मुलांना मुद्दाम सांगते. आमच्या वसतिगृहातील मुले बहुतेक भिल्ल समाजाची आहेत. दिवाळी झाली की त्यांचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. उसाच्या फडावर गेलेल्या मजुरांनी हे वाद्य सोबत नेले होते, हे कळल्यावर एका मुलाने विचारले, “मग ते परत आले का?” पुष्कळ जण परत गेले नाहीत, तिथेच राहिले, असे मी सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. त्या दिवसापासून त्याच्यासाठी हे वाद्य साहेबांचे राहिले नाही.

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाशीही याचा दूरचा धागा आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि ज्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, १८३१ साली अहमदनगरचे काम सुरू झाले, त्याच बोर्डाचे मिशनरी १८२० साली हवाईतही पोहोचले होते.

काही जण विचारतात, आदिवासी मुलांच्या हातात परके वाद्य कशाला? प्रश्न योग्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर आयुष्यभर हाच आग्रह धरला की ख्रिस्ती उपासना या मातीच्या चालींत झाली पाहिजे. आमच्याकडे ढोल आणि बासरी आहेतच आणि राहतील. पण आज जी पेटी आपल्या उपासनेचा कणा झाली आहे, तिचे मूळही युरोपातले आहे. वाद्य कुठून आले यापेक्षा त्यावर कोणाचे गाणे वाजते हे महत्त्वाचे. आमची मुले उकुलेलेवर उपासनेची गीते वाजवतात, तशीच आजीकडून आलेली घरची गाणीही वाजवतात. दोन्हींसाठी तार सुरात हवी.

२. तार संपली हे कसे ओळखावे?

उकुलेलेची तार तुटेपर्यंत थांबू नये. ती तुटण्याच्या खूप आधी संपलेली असते. तपासण्याच्या चार खुणा अशा:

पहिली, बोटाने तार खालून चाचपावी. पडद्यावर दाबून दाबून तिथे बारीक खाचा पडलेल्या लागतात. नवी तार सगळीकडे सारखी गुळगुळीत असते.

दुसरी, आवाज बसका होतो. छेडल्याबरोबर विझतो, घुमत नाही.

तिसरी, सूर धरत नाही. सकाळी लावलेले वाद्य अर्ध्या तासात उतरते.

चौथी सर्वांत महत्त्वाची. मोकळी तार छेडावी आणि मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. मोकळी तार सुरात आणि बाराव्या पडद्यावर ती चढी किंवा उतरी लागत असेल, तर तार ठिकठिकाणी झिजून असमान झाली आहे. अशा वाद्यावर मूल कितीही मेहनत करो, गाणे बेसूरच होणार. आणि दोष आपल्या कानाचा किंवा बोटांचा आहे असे त्या मुलाला वाटते. हे नुकसान तारेच्या किमतीपेक्षा फार मोठे आहे.

रोज वाजणाऱ्या वाद्याच्या तारा चार-सहा महिन्यांनी पाहाव्यात. आमच्याकडे एका वाद्यावर चार-पाच मुले शिकतात, म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी ही तपासणी करतो.

३. तार कशाची असते?

आपण तार म्हणतो, पण उकुलेलेची तार धातूची नसते. पूर्वी ती जनावराच्या आतड्यापासून केलेली तात असे. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले. दुसऱ्या महायुद्धात तातीची टंचाई झाली, कारण शस्त्रक्रियेच्या टाक्यांनाही तीच लागे. त्या काळात न्यूयॉर्कचे वाद्यकार अल्बर्ट ऑगस्टीन यांनी गिटारसाठी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि तातीचा जमाना हळूहळू संपला. आज बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात.

नायलॉन: आवाज मऊ, गोल, बोटांना सोपी, सर्वांत स्वस्त. पण हवेतील ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात सूर लवकर हलतो.

फ्लुरोकार्बन: मासेमारीच्या चांगल्या गळाच्या दोरीतही हाच पदार्थ असतो. तो नायलॉनपेक्षा बराच जड आहे. त्यामुळे तोच स्वर कमी जाडीच्या तारेतून मिळतो. आवाज स्पष्ट, उजळ आणि जास्त वेळ टिकणारा. ओल जवळजवळ शोषत नाही.

नायलगट: इटलीच्या अक्विला कंपनीची ही दुधाळ पांढरी तार. तातीचा आवाज कृत्रिम पदार्थातून मिळावा म्हणून ती बनवली आहे. आवाज मोठा आणि भरदार. मात्र खाचेची कड धारदार असेल तर तिथे ती तुटते.

एक इशारा. देणगीत आलेल्या एका जुन्या उकुलेलेवर कोणीतरी गिटारच्या पोलादी तारा चढवल्या होत्या. घोडी अर्धी उखडून वर आली होती. उकुलेलेच्या चारही तारांची मिळून ओढ साधारण १५ ते २० किलोची असते. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांची ओढ ७० किलोच्या आसपास जाते. उकुलेलेची घोडी नुसती पातळ फळीवर चिकटवलेली असते. तिला हा भार पेलत नाही. म्हणून दुकानात “पोलादी जास्त टिकेल” असे कोणी सांगितले तरी घेऊ नये.

४. कोणता संच चांगला वाजेल?

सर्वांत महाग तो सर्वांत चांगला, असे नाही. तीन गोष्टी पाहाव्यात: वाद्याचा आकार, लाकडाचा स्वभाव आणि गाणाऱ्याचा गळा.

आकार: सर्वांत लहान तो सोप्रानो, एकूण लांबी सुमारे ५३ सेंटिमीटर. मग कॉन्सर्ट, सुमारे ६०. टेनर, सुमारे ६६. आणि बॅरिटोन, सुमारे ७६. तारेचा वाजणारा भाग, म्हणजे मानेच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीपासून घोडीवरच्या पट्टीपर्यंतचे अंतर, सोप्रानोत ३५ सेंटिमीटरच्या आसपास, कॉन्सर्टमध्ये ३८ आणि टेनरमध्ये ४३ असते. तारेचा स्वर तिची लांबी, ओढ आणि वजन या तिन्हींवर ठरतो. म्हणून टेनरची तार सोप्रानोवर लावली तर ती ढिली राहून फडफडते. पाकिटावर आपल्या वाद्याचे नाव आहे का, हे आधी वाचावे. सोप्रानो आणि कॉन्सर्ट या दोघांना चालणारे संच पुष्कळ मिळतात. बॅरिटोनची सुरावट वेगळी असते. त्याचा संच वेगळाच घ्यावा.

लाकूड: आमच्याकडची वाद्ये थरांच्या फळीची, म्हणजे प्लायची आहेत. त्यांतील चार स्वभावाने दबकी होती, दोन कर्कश. आम्ही तिन्ही जातींचे संच आणून आलटून पालटून लावले आणि मुलांना पाठ फिरवून बसवून ऐकवले. कोणत्या वाद्यावर कोणती तार आहे हे त्यांना सांगितले नव्हते. त्यांच्या निवडीतून एक साधा नियम हाती आला: दबक्या वाद्याला उजळ तार, कर्कश वाद्याला मऊ तार. दबक्या चारांपैकी दोन फ्लुरोकार्बनवर बोलू लागले, दोन नायलगटवर. कर्कश दोघांना साधे नायलॉनच शोभले, आणि तेच सर्वांत स्वस्त होते.

आपल्या मिरजेचे कारागीर हे पिढ्यान् पिढ्या जाणतात. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यांनी शस्त्रे बनवण्याचे काम सोडून तंतुवाद्यांचे काम हाती घेतले आणि मिरज त्यासाठी देशभर नावाजली. २०२४ साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्यालाही चारच तारा. पण बायकी तंबोऱ्याची आणि पुरुषी तंबोऱ्याची तार एकाच जाडीची नसते. खर्जाची तार पितळेची, जोडाच्या पोलादी. आणि घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा आवाज खुलतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा याच कारणासाठी अभ्यास केला होता. वाद्याला काय हवे ते आधी ऐकायचे आणि मग तार निवडायची, ही रीत उकुलेलेलाही लागू आहे.

गळा: उकुलेलेच्या चार तारा पेटीच्या पट्ट्यांशी अशा जुळतात. वाद्य धरल्यावर वरून पहिली तार पांढरी पाच, दुसरी पांढरी एक, तिसरी पांढरी तीन, चौथी पांढरी सहा. पांढरी एकला सा धरला तर प, सा, ग, ध. चारही स्वर एकाच सप्तकातले. म्हणजे सर्वांत वरची तार सर्वांत खर्जाची नाही. ती उंच आहे. म्हणूनच उकुलेलेचा आवाज हलका आणि हसरा वाटतो, आणि लहान मुलांच्या गळ्याला शोभतो. मोठ्यांच्या भजनासाठी मात्र ही पहिली तार मंद्र सप्तकातल्या पंचमाची घेता येते. पाकिटावर “लो जी” लिहिलेले असते. तिने आवाजाला बूड येते. ती जाड असते, कधी धातूचा बारीक वेढा दिलेली असते. मानेच्या टोकाची खाच तिला पुरेशी रुंद आहे का ते पाहून घ्यावे. मुलांच्या वर्गासाठी उंच तार, प्रौढांच्या भजनासाठी मंद्र तार, असा आमचा अनुभव आहे.

५. तारा चढवण्याची रीत

लागणारे सामान थोडे: नवा संच, छोटी कात्री किंवा नखे कापायचे यंत्र, सुती फडके आणि सूर पाहायला पेटी किंवा मोबाइलमधील ट्यूनर. एका वाद्याला पहिल्यांदा पाऊण तास लागतो.

एक: वाद्य मांडीवर किंवा दुमडलेल्या चादरीवर ठेवावे. चारही तारा एकदम काढू नयेत. एक काढायची, तिच्या जागी एक लावायची. त्यामुळे घोडीवरची पांढरी पट्टी सरकून हरवत नाही आणि कोणती तार कुठे होती याचा घोळ होत नाही.

दोन: खुंटी सैल करून तार पूर्ण ढिली झाल्यावरच सोडवावी. ताणलेली तार कापू नये. तिचे टोक डोळ्याला लागू शकते. लहान मुले शेजारी असतात, म्हणून हे विशेष सांभाळावे.

तीन: जुनी तार घोडीला कशी बांधली होती ते सोडण्याआधी नीट पाहावे. घोड्या दोन तऱ्हेच्या असतात. खाचेची घोडी असेल तर तारेच्या टोकाला घट्ट दुहेरी गाठ मारून ती खाचेत अडकवावी. गाठ खाचेतून निसटत नाही इतकी मोठी हवी. भोकाची घोडी असेल तर तार पोकळ भागाकडून मागच्या बाजूला ओवावी, सहा-सात सेंटिमीटर टोक बाहेर ठेवावे, ते टोक पुढे आणून मूळ तारेखालून घ्यावे आणि घोडीच्या माथ्यावर तयार झालेल्या फासातून एकदा काढावे. बारीक तारेला दोन-तीन वेळा काढावे, कारण ती निसटते. शेवटचा अटकाव घोडीच्या मागच्या कडेला आला पाहिजे. मग दोन्ही टोके ओढून घट्ट करावे.

चार: दुसरे टोक खुंटीच्या भोकातून घ्यावे. खुंटीवर दोन-तीन वेढे बसतील इतकी ढील ठेवावी. फार वेढे पडले तर सूर सरकतो, एकच पडला तर तार निसटते. वेढे एकावर एक न चढता खाली खाली बसावेत.

पाच: मानेच्या टोकाची खाच फडक्याने पुसून तिच्यात पेन्सिलीचे शिसे हलके फिरवावे. तार सहज सरकते, कुरकुरत नाही.

सहा: तार हळूहळू चढवावी. एकदम सुरात आणण्याची घाई नको. चारही चढल्यावर पेटीशी जुळवून घ्यावे: पांढरी पाच, एक, तीन, सहा.

सात: जास्तीची टोके लगेच कापू नयेत. दोन-तीन दिवसांनी तारा स्थिरावल्या की थोडे टोक ठेवून बाकीचे कापावे. काही पाकिटांतील तार इतकी लांब असते की सोप्रानोसाठी एका संचातून दोन वाद्ये होतात. म्हणून कापण्याआधी मोजावे. तुकडे आवारात टाकू नयेत. ते कुजत नाहीत, आणि आमच्याकडे शेळ्या-कोंबड्या मोकळ्या फिरतात.

जुन्या पद्धतीच्या सरळ खुंट्या असतील आणि त्या घसरत असतील, तर खुंटीच्या टोकाचा छोटा स्क्रू किंचित आवळावा. वाद्य पत्र्याच्या छताखाली, खिडकीच्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसते आणि जोड सुटतात.

६. पहिला आठवडा

नव्या तारा ताणून घेतात. संध्याकाळी सुरात लावलेले वाद्य सकाळी उतरलेले असते. पुन्हा लावावे, पुन्हा उतरते. नायलॉनला चार दिवस ते आठवडा लागतो. या दिवसांत मुले कंटाळतात. आम्ही यासाठी पाळी ठरवली आहे: सकाळच्या प्रार्थनेआधी दोन मुले सहाही वाद्ये पेटीशी जुळवतात. एक पट्टी धरतो, दुसरा खुंटी फिरवतो. आठवड्याच्या शेवटी त्यांचे कान इतके तयार होतात की पेटीच्या पट्टीतच दोष असेल तर तेही सांगतात. शिकवण्याने जे झाले नसते ते या रोजच्या जुळवण्याने होते.

७. शास्त्र काय शिकवते?

पहिला शास्त्रभाग दावीदाचा आहे. शौल राजाचा जीव व्याकूळ झाला तेव्हा सेवकांनी वाजवता येणारा माणूस शोधायचे सुचवले. मेंढरे राखणारा मुलगा दरबारात आला. त्याच्या वाजवण्याने शौलाला आराम पडे. या भागात आपण दावीदाच्या गुणांवर पुष्कळ बोलतो, पण एक साधी गोष्ट राहून जाते. त्याची वीणा वाजण्याजोगी होती. कळपामागे रानात फिरणाऱ्या मुलाने ती तशी ठेवली होती. बोलावणे केव्हा येईल हे त्याला ठाऊक नव्हते. ते आले तेव्हा वाद्य तयार होते.

तेहतिसावे स्तोत्र देवासाठी नवे गीत गायला सांगते, आणि त्याचबरोबर कुशलतेने वाजवायलाही सांगते. भक्तिभाव असला की सूर कसाही चालतो, असे स्तोत्रकर्ता म्हणत नाही.

पौल करिंथकरांना लिहिताना पाव्याचे आणि वीणेचे उदाहरण देतो. स्वरांत भेद नसेल तर काय वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कसे कळणार, असा त्याचा प्रश्न आहे. तो मुद्दा मंडळीच्या उभारणीचा आहे: जे समोरच्याला समजत नाही त्याने त्याची उभारणी होत नाही. आदिवासी मुलांमध्ये सेवा करणाऱ्या आम्हा सर्वांना हा प्रश्न रोज लागू होतो. आमची मदत त्यांना स्पष्ट ऐकू येते का? की आमच्या समाधानासाठी काहीतरी वाजत राहते?

कर्कश वाद्याला मऊ तार लागते, दबक्या वाद्याला उजळ. एकच संच घेऊन सहाही वाद्यांना लावला असता तर हिशेब सोपा झाला असता, आवाज नाही. मुलांचेही तसेच आहे. आईवडील फडावर गेल्यावर एक मूल चिडखोर होते, एक बोलायचे बंद होते. दोघांना एकच उपाय लावून चालत नाही. आधी ऐकावे लागते.

८. मदतगारांना विनंती

आज सहाही उकुलेले वाजत आहेत. चार वाद्यांना तारा बदलल्याने जे झाले ते नवी चार वाद्ये आणूनही झाले नसते, कारण वर्षभरात तीही कपाटात गेली असती. म्हणून यापुढे वाद्य द्यावेसे वाटले तर त्याबरोबर तारांचे दोन संच द्यावेत, ही नम्र विनंती. ज्यांना नवे वाद्य देणे शक्य नाही त्यांनी नुसत्या तारा दिल्या तरी ती लहान भेट नाही. संच पाठवण्याआधी वाद्याचा आकार आम्हाला विचारावा. आणि आपल्या मंडळीत एखादे वाद्य भिंतीवर मुके टांगलेले असेल, तर नवे घेण्याआधी त्याच्या तारा एकदा बदलून पाहाव्यात.

हाच नियम इतर देणग्यांनाही लावून पाहावा. वस्तू देताना विचारावे: हिची तार कोणती? ती संपल्यावर कोण बदलणार? बदलायला कोणाला शिकवले आहे? आमच्याकडे आता आठवीच्या दोन मुली हे काम माझ्यापेक्षा सफाईने करतात. सुटीत घरी जाताना त्यांच्यातील एकीने जुन्या तारांचे तुकडे मागून घेतले. भोपळ्याला लावून काय वाजते ते तिला पाहायचे आहे.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत वापराविना पडलेली कोणती वस्तू आहे? ती मोडली आहे, की तिची निगा राहिली नाही?

२. दावीदाची तयारी आणि आपली तयारी यांत काय फरक आहे?

३. आपण ज्यांना मदत करतो त्यांचे ऐकून घेण्यासाठी आपण कोणता वेळ राखून ठेवतो?

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांचे रस्त्यावर आणि फडावर रक्षण व्हावे. वसतिगृहातील मुलांना या महिन्यांत एकटेपणा वाटू नये. निगा राखण्याची छोटी कामे करणाऱ्या हातांना देवाने बळ द्यावे. आमेन.